विश्लेषण : परदेशात शिकता शिकता ‘इंग्रजीचे शिक्षक’ होता येते का? प्रमाणपत्र मोठे की पासपोर्ट?

लंडन, डब्लिन, सिडनी किंवा टोरंटोत पदव्युत्तर शिक्षणासाठी गेलेल्या विद्यार्थ्याला खोलीचे भाडे आणि किराणा भागवण्यासाठी पहिली वाट दिसते ती कॅफे, गोदाम किंवा सुपरमार्केटमधल्या पाळ्यांची. दुसरी वाट मोबाइलच्या पडद्यावर जाहिरात होऊन येते : ‘चार आठवड्यांत इंग्रजीचे शिक्षक व्हा, जगात कुठेही नोकरी मिळवा.’ यातला पहिला भाग बराचसा खरा आहे. दुसरा भाग मात्र अर्जदाराच्या हातात कोणत्या देशाचा पासपोर्ट आहे, त्यावर ठरतो. जाहिरातीत नेमके तेवढेच नसते. हजार-दोन हजार पौंड आणि सुट्टीतला एक महिना खर्च करण्यापूर्वी या अभ्यासक्रमात काय शिकवतात, विद्यार्थी व्हिसावर त्याचा किती उपयोग होतो आणि भारतीय शिक्षकाला कुठली दारे उघडी आहेत, हे पाहणे म्हणूनच आवश्यक ठरते.

टेफल, टेसॉल, सेल्टा… हा नावांचा गोंधळ काय आहे?

सुरुवात ‘टोफेल’पासून करावी लागते, कारण बहुतेकांची गल्लत तिथेच होते. टोफेल ही इंग्रजी शिकणाऱ्याने द्यायची परीक्षा. अमेरिकी विद्यापीठात प्रवेश घेताना ती द्यावी लागते. ‘टेफल’ म्हणजे परकी भाषा म्हणून इंग्रजी शिकवणे, म्हणजे शिकवणाऱ्याचे प्रशिक्षण. ‘टेसॉल’ ही त्याहून रुंद छत्री. ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही, अशा कोणालाही इंग्रजी शिकवण्याचे शास्त्र तिच्याखाली येते, मग तो ओसाकातला कारकून असो की लंडनमध्ये स्थायिक झालेला निर्वासित.

मात्र ‘टेफल’ नावाचे एकच एक प्रमाणपत्र जगात कुठेही नाही. आपल्याकडे नव्वदच्या दशकात गल्लोगल्ली ‘कॉम्प्युटर कोर्स’ निघाले होते, तसा हा शब्द आहे. कोण देतो, किती तासांचे देतो, परीक्षा कोण घेतो, यावर कुणाचे नियंत्रण नाही. ‘१२० तास’ हा आकडा जवळपास प्रत्येक जाहिरातीत असतो. पण त्यातल्या अनेक ऑनलाइन अभ्यासक्रमांत चित्रफिती पाहून बहुपर्यायी प्रश्न सोडवायचे असतात. एकाही खऱ्या विद्यार्थ्यासमोर उभे न राहता प्रमाणपत्र हाती येते. ते सवलतीच्या कूपनवर काही शे रुपयांतही मिळते आणि नेमकी तेवढीच त्याची पत असते.

या गर्दीत दोन नावांना जगभर मान आहे. पहिले केंब्रिज विद्यापीठाच्या परीक्षा विभागाचे ‘सेल्टा’ आणि दुसरे ट्रिनिटी कॉलेज लंडनचे ‘सर्ट टेसॉल’. सेल्टा किमान १२० तासांचा, तर ट्रिनिटीचा १३० तासांचा. ब्रिटनच्या अर्हता-चौकटीत दोन्ही पाचव्या स्तरावर आहेत, म्हणजे ढोबळमानाने पदवीच्या दुसऱ्या वर्षाच्या पातळीवर. दोन्हींची खरी ओळख मात्र एकाच अटीत आहे : खऱ्या विद्यार्थ्यांच्या वर्गात, परीक्षकाच्या नजरेखाली, सहा तास शिकवून दाखवणे.

सहा तास हे ऐकायला अगदीच किरकोळ वाटते. आपल्याकडच्या बी.एड.मधल्या शालेय अनुभवाशी तुलना केली तर ते किरकोळ आहेतही. या अभ्यासक्रमाचे मूळ पाहिले की त्याचे कारण कळते. जॉन आणि ब्रिटा हेक्राफ्ट या दाम्पत्याच्या ‘इंटरनॅशनल हाऊस’ या लंडनमधल्या भाषाशाळेला शिक्षक हवे होते आणि ते लवकर हवे होते. तोवर इंग्रज माणूस दिसला की त्याला वर्गात उभे करण्याची रीत होती. भाषा येते म्हणजे शिकवताही येते, हे गृहीतच होते. हेक्राफ्ट यांनी १९६२ मध्ये आपल्या शिक्षकांसाठी छोटेखानी प्रशिक्षण सुरू केले. पुढे रॉयल सोसायटी ऑफ आर्ट्सने त्याला परीक्षेचे रूप दिले आणि १९८८ मध्ये ते केंब्रिजकडे गेले. थोडक्यात, हा अभ्यासक्रम शिक्षणशास्त्रज्ञाने नव्हे, तर शाळा चालवणाऱ्याने बेतलेला आहे. त्याची ताकद आणि मर्यादा दोन्ही त्यातूनच येतात.

चार आठवड्यांत वर्गात नेमके काय घडते?

प्रवेशाआधी मुलाखत असते. अर्जदाराचे वय किमान १८ हवे, उच्च शिक्षणाच्या प्रवेशाइतकी पात्रता हवी आणि इंग्रजी युरोपीय मोजपट्टीनुसार सी-१ किंवा सी-२ पातळीचे, म्हणजे जवळपास अस्खलित हवे. मुलाखतीपूर्वी व्याकरणाची एक छोटी चाचणीही द्यावी लागते. इथे भारतीय अर्जदार अनेकदा ब्रिटिश अर्जदाराच्या पुढे असतो. ब्रिटनमधल्या एका मोठ्या पिढीला शाळेत व्याकरण असे शिकवलेच गेले नाही. ‘पास्ट परफेक्ट’ ते रोज वापरतात, पण त्याला काय म्हणतात हे त्यांना वयाच्या पंचविशीत प्रथमच कळते. आपल्याकडे मात्र ‘रेन अँड मार्टिन’ची पारायणे झालेली असतात. (त्यातले पी. सी. रेन हे तेव्हाच्या मुंबई इलाख्यात शिक्षण खात्याच्या नोकरीत होते.)

अभ्यासक्रम सुरू झाला की हा फायदा पहिल्या दोन दिवसांत संपतो. पूर्णवेळ सेल्टात दिवसाचा अर्धा भाग पद्धती शिकण्यात जातो आणि उरलेल्या अर्ध्यात शिकवण्याचा सराव. तोही पहिल्या आठवड्यापासूनच. समोर बसलेले विद्यार्थी खरे असतात. मोफत किंवा नाममात्र शुल्कात वर्ग मिळतो म्हणून आलेली प्रौढ माणसे. एकाच वर्गात ब्राझीलचा स्वयंपाकी, तुर्की गृहिणी आणि कोरियन विद्यार्थिनी. कोणाचीही मातृभाषा शिक्षकाला येत नाही, एकमेकांची त्यांनाही येत नाही. म्हणजे भाषांतराची कुबडी काढून घेतलेली. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. इथे तो रस्ता पहिल्याच दिवशी बंद होतो.

पाच-सहा प्रशिक्षणार्थींचा गट असतो. एक जण पाऊण तास शिकवतो, बाकीचे मागे बसून टिपणे काढतात आणि त्यांच्याशेजारी प्रशिक्षक बसलेला असतो. तास संपला की विद्यार्थी घरी जातात आणि त्या तासाची चिरफाड सुरू होते. आधी सहकारी बोलतात, मग प्रशिक्षक. भारतीय प्रशिक्षणार्थीला मिळणारा सर्वांत सामान्य शेरा असतो तो ‘शिक्षक फार बोलला’ हा. आपल्याकडे चांगला शिक्षक म्हणजे चांगले समजावून सांगणारा. या वर्गात समजावून सांगणे हाच दोष मानला जातो. पाऊण तासात शिक्षकाचा आवाज किती मिनिटे आणि विद्यार्थ्यांचा किती, याचा हिशेब अक्षरशः घड्याळ लावून केला जातो.

एक उदाहरण घेऊ. ‘मी पाच वर्षे पुण्यात राहतो आहे’ हे मराठी वाक्य वर्तमानकाळातले. म्हणून मराठी माणूस सहज म्हणतो, ‘आय ॲम लिव्हिंग इन पुणे सिन्स फाइव्ह इयर्स.’ प्रमाण इंग्रजीत ते ‘आय हॅव लिव्ह्ड इन पुणे फॉर फाइव्ह इयर्स’ असे होते. हे शिकवायचे कसे? आपला नेहमीचा मार्ग म्हणजे फळ्यावर नियम लिहायचा, ‘सिन्स’ आणि ‘फॉर’ यांतला फरक सांगायचा, दहा वाक्ये वहीत उतरवून द्यायची आणि शेवटी विचारायचे, ‘समजले का?’ वर्ग एकमुखाने ‘हो सर’ म्हणतो. सेल्टात या प्रश्नावर जवळजवळ बंदी आहे, कारण त्याचे उत्तर सगळीकडे ‘हो’ असेच येते. त्याऐवजी आधी एखाद्या माणसाची गोष्ट सांगून ते वाक्य विद्यार्थ्यांकडूनच काढून घ्यायचे, फळ्यावर काळाची रेघ ओढायची आणि तपासणीचे छोटे प्रश्न विचारायचे : तो आज पुण्यात राहतो का? पाच वर्षांपूर्वी कुठे राहत होता? उद्या राहणार की नाही, हे या वाक्यावरून कळते का? तिसऱ्या प्रश्नावर वर्ग अडखळला, तर नियम पाठ झाला असला तरी अर्थ पोहोचलेला नाही, हे शिक्षकाला तिथल्या तिथे दिसते. असे तीन नेमके प्रश्न तयार करायला नवख्या प्रशिक्षणार्थीला रात्रीचे दोन तासही लागतात.

याशिवाय चार लेखी निबंधवजा कामे असतात आणि अनुभवी शिक्षकांचे सहा तास पाहावे लागतात. सराव दोन वेगवेगळ्या पातळ्यांच्या वर्गांवर करावा लागतो. अभ्यासक्रमादरम्यान केंब्रिजने नेमलेला बाहेरचा परीक्षकही केंद्राला भेट देऊन जातो. उत्तीर्णांत तीन श्रेणी असतात. बहुतेकांना साधी ‘पास’ मिळते आणि नोकरीसाठी ती पुरते. नापासही होता येते. पूर्णवेळ सेल्टा करताना सोबत नोकरी करू नका, असे केंद्रे आधीच बजावतात.

ट्रिनिटीच्या अभ्यासक्रमात आणखी एक गमतीचा भाग आहे. प्रशिक्षणार्थींना चार तास एक पूर्णपणे अनोळखी भाषा शिकवली जाते, त्याच भाषेतून, आणि त्या काळात आपल्याला काय वाटले हे त्यांनी लिहून द्यायचे असते. वर्गात काहीच न कळणाऱ्या माणसाच्या जागी एकदा बसल्याशिवाय त्याला शिकवू नये, हा त्यामागचा विचार. एकभाषिक इंग्रज तरुणाला हा अनुभव हादरवतो. तिसरीत किंवा पाचवीत इंग्रजीच्या पुस्तकाकडे टकामका पाहत बसलेल्या मराठी विद्यार्थ्याला तो वेगळा घ्यावा लागत नाही.

या पद्धतीत भारताचा वाटा कोणता?

हे सगळे विलायती वाटत असले तरी त्यातला एक महत्त्वाचा धागा बेंगळूरुचा आहे. १९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभू यांनी दक्षिण भारतातल्या साध्यासुध्या शाळांत एक प्रयोग केला. मुलांना व्याकरण शिकवायचेच नाही. रेल्वेचे वेळापत्रक वाचून गाडी शोधणे, नकाशावर रस्ता काढणे अशी कामे इंग्रजीतून द्यायची. लक्ष अर्थावर असताना भाषेची घडण मनात आपोआप बसते, असा त्यांचा दावा होता. ‘बेंगळूरु प्रकल्प’ म्हणून तो जगभर गाजला, त्यावर कडाडून वादही झाले आणि आज ज्याला कार्याधारित अध्यापन म्हणतात, त्याच्या इतिहासात तो पहिल्या पानांवर असतो. प्रभूंचे पुस्तक १९८७ मध्ये आले. सर्वोत्तम अशी एकच पद्धत का असू शकत नाही, यावर त्यांनी १९९० मध्ये लिहिलेला लेख आजही शिक्षक-प्रशिक्षणात वाचला जातो. म्हणजे केंब्रिजच्या प्रमाणपत्रासाठी मँचेस्टरमध्ये बसलेला मराठी विद्यार्थी जे शिकतो, त्यातले काही कर्नाटक आणि तमिळनाडूतल्या शाळांतून तिथे पोहोचलेले असते.

विद्यार्थी व्हिसावर हे प्रशिक्षण आणि नोकरी जमते का?

प्रशिक्षण जमते. ब्रिटनमध्ये विद्यार्थी व्हिसावर मूळ अभ्यासक्रमाला धक्का न लावता जोडीने दुसरे काही शिकता येते. अडचण वेळेची आहे. ब्रिटनमधली बहुतेक एम.ए., एम.एस्सी. एका वर्षाची असतात आणि जून ते सप्टेंबर हे महिने प्रबंधाचे. म्हणजे जाहिरातीत ‘उन्हाळ्याच्या सुट्टीत करा’ असे म्हटलेले असते, ती सुट्टी पदव्युत्तर विद्यार्थ्याला नसतेच. त्यांच्यासाठी काही महिने चालणारा अर्धवेळ किंवा ऑनलाइन सेल्टा हाच व्यवहार्य पर्याय. कोविडकाळापासून संपूर्ण ऑनलाइन सेल्टाला मान्यता आहे. त्यात शिकवण्याचा सरावही पडद्यावरून, पण खऱ्या विद्यार्थ्यांबरोबरच होतो. प्रमाणपत्र तेच मिळते. तीन वर्षांच्या पदवीसाठी गेलेल्याला मात्र खरोखरच उन्हाळा मोकळा मिळतो.

कमाईच्या बाबतीत मात्र नियमांचे कुंपण आहे. ब्रिटनमध्ये पदवी व त्यापुढच्या विद्यार्थ्याला सत्रकाळात आठवड्याला २० तास काम करता येते. कॅनडाने नोव्हेंबर २०२४ पासून विद्यापीठाबाहेरच्या कामाची मर्यादा आठवड्याला २४ तास केली. ऑस्ट्रेलियात ती जुलै २०२३ पासून पंधरवड्याला ४८ तास आहे. आयर्लंडमध्ये सत्रात २० आणि ठरलेल्या सुट्ट्यांत ४० तास. तासांचे हे गणित बहुतेकांना ठाऊक असते. ठाऊक नसतो तो कामाच्या प्रकाराचा नियम. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसावर स्वयंरोजगार करता येत नाही. घरी चार जणांची शिकवणी घेऊन पैसे घेणे किंवा एखाद्या ऑनलाइन मंचावर ‘फ्रीलान्स’ शिक्षक म्हणून नाव नोंदवणे हा स्वयंरोजगारच. पैसे भारतातल्या बँक खात्यात आले म्हणून सुटका होत नाही; माणूस कुठे बसून काम करतो, ते पाहिले जाते. शिकवणीकडे धंदा म्हणून न पाहण्याची आपल्याकडची सवय इथे व्हिसावर बेतू शकते.

कायदेशीर वाट म्हणजे एखाद्या संस्थेच्या वेतनपटावर येणे. ब्रिटिश कौन्सिलची मान्यता असलेल्या भाषाशाळांना आपल्या शिक्षकांकडे सेल्टा किंवा सर्ट टेसॉल दर्जाचे प्रमाणपत्र असल्याचे दाखवावे लागते. जुलै-ऑगस्टमध्ये इटली, स्पेन, चीनमधून शाळकरी मुलांचे तांडे इंग्रजी शिकायला येतात, तेव्हा या शाळांना शिक्षक कमी पडतात. पहिली नोकरी मिळण्याची सर्वाधिक शक्यता याच दोन महिन्यांत. पण १८ वर्षांखालील मुलांबरोबर काम असल्याने पार्श्वभूमीची तपासणी होते; त्यासाठी भारतातले पोलीस प्रमाणपत्रही मागतात आणि ते यायला वेळ लागतो. आणि पुन्हा तोच पेच : पदव्युत्तर विद्यार्थ्याचा प्रबंधाचा उन्हाळा सत्रकाळ मानला जात असल्याने त्याला तेव्हाही २० तासांचीच मुभा असते. पूर्णवेळ उन्हाळी शाळेची नोकरी त्याला घेता येत नाही.

अमेरिकेत चित्र वेगळे आहे. एफ-१ व्हिसावर परवानगीशिवाय विद्यापीठाबाहेर काम करताच येत नाही. पण टेसॉलमध्ये एम.ए. करणाऱ्यांना काही विद्यापीठे आपल्याच इंग्रजी केंद्रात साहाय्यक म्हणून शिकवायला घेतात, वर फीमध्येही सवलत देतात. आवारातले काम असल्याने ते नियमात बसते. त्याआधी अनेक ठिकाणी परदेशी साहाय्यकांना तोंडी इंग्रजीची चाचणी द्यावी लागते.

भारतीय पासपोर्टावर कुठली दारे बंद आहेत?

जाहिरातीतले ‘जगात कुठेही’ इथे अडखळते. दक्षिण कोरिया हा इंग्रजी शिक्षकांना चांगला पगार आणि राहायला घर देणारा देश. तिथला भाषाशिक्षकांचा ई-२ व्हिसा मुळात सात देशांच्या नागरिकांसाठी आहे : अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड आणि दक्षिण आफ्रिका. शिक्षण कुठल्या भाषेतून झाले, सेल्टात कोणती श्रेणी मिळाली, हे प्रश्न नंतरचे. चीनमध्येही भाषा शिकवणारा परदेशी शिक्षक ती भाषा ज्या देशाची मानली जाते, तिथला नागरिक असावा, असा नियम आहे. त्यात जुलै २०२१ मध्ये चीनने शाळेबाहेरच्या नफेखोर शिकवण्यांवर बडगा उगारला आणि परदेशात बसून चिनी मुलांना ऑनलाइन इंग्रजी शिकवण्याचा मोठा धंदा जवळपास एका रात्रीत बसला. त्या काळातल्या कमाईचे आकडे आजही काही जाहिरातींत फिरताना दिसतात.

जपानची अट महाराष्ट्राच्या दृष्टीने अधिक बोलकी आहे. तिथल्या शाळांत परकी भाषा शिकवण्याच्या ‘इन्स्ट्रक्टर’ व्हिसासाठी त्या भाषेतून किमान १२ वर्षे शिक्षण झालेले असावे लागते. राष्ट्रीयत्व विचारले जात नाही, त्यामुळे इंग्रजी माध्यमातून शिकलेल्या भारतीयाला हे दार उघडे राहते. पण जिल्हा परिषदेच्या शाळेतून दहावीपर्यंत मराठीत शिकून पुढे इंग्रजीत पीएच.डी. केलेल्याची ही बारा वर्षे भरता भरत नाहीत. ज्याने इंग्रजी परकी भाषा म्हणूनच, कष्टाने मिळवली, तोच ती परकी भाषा म्हणून शिकवायला अपात्र ठरू शकतो.

या ‘नेटिव्ह स्पीकर’ आग्रहावर भाषाशास्त्रात गेली चार दशके टीका होते आहे. काश्मीरमध्ये जन्मलेले ब्रज काचरू यांनी १९८५ मध्ये इंग्रजीची तीन वर्तुळे मांडली. आतल्या वर्तुळात ब्रिटन-अमेरिका, मधल्यात भारत, नायजेरिया, सिंगापूरसारखे देश आणि बाहेरच्यात चीन, जपान वगैरे. मधल्या वर्तुळाचे इंग्रजी हे बिघडलेले इंग्रजी नसून स्वतःच्या नियमांनी चालणारे इंग्रजी आहे, हा त्यांचा मुद्दा. रॉबर्ट फिलिप्सन यांनी १९९२ मध्ये मातृभाषकच उत्तम शिक्षक असतो हा समज निराधार असल्याचे म्हटले, तर हंगेरीचे पीटर मेजेस यांनी १९९४ च्या पुस्तकात मातृभाषक नसलेल्या शिक्षकाच्या जमेच्या बाजू दाखवून दिल्या. ती भाषा तो स्वतः शिकलेला असतो, त्यामुळे विद्यार्थी कुठे ठेचकाळणार हे त्याला आधीच ठाऊक असते. स्पॅनिश विद्यार्थी ‘स्पेन’ला ‘एस्पेन’ का म्हणतो, हे ‘इस्कूल’ ऐकत मोठ्या झालेल्या भारतीयाला समजावून सांगावे लागत नाही. ‘ए’, ‘ॲन’, ‘द’ ही उपपदे नसलेल्या भाषेतून इंग्रजीत येताना काय होते, हे मराठी माणूस रशियन किंवा जपानी विद्यार्थ्याला जितके नेमके सांगेल, तितके लंडनमध्ये वाढलेला सांगू शकेलच असे नाही.

ब्रिटनमध्ये २०१० च्या समता कायद्यानुसार राष्ट्रीयत्व किंवा वंशावरून नोकरी नाकारता येत नाही. टेसॉल या शिक्षकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनेही अशा भेदभावाविरुद्ध भूमिका घेतली आहे. पण कोरियाचा व्हिसा अधिकारी लंडनचा कायदा पाहत नाही आणि पालकांना गोरा चेहरा हवा असतो, हे शाळाचालक खासगीत कबूल करतात. व्हिएतनाम, कंबोडियासारख्या देशांत पदवी आणि प्रमाणपत्र पाहून भारतीयांना घेणाऱ्या संस्था तुलनेने अधिक सापडतात. मात्र तिथेही एकाच वर्गासाठी गोऱ्या आणि आशियाई शिक्षकाच्या पगारात फरक असू शकतो. तो करारावर सही करण्यापूर्वीच विचारून घेतलेला बरा.

मग एम.ए. टेसॉल करणे अधिक चांगले का?

नेहमीच नाही. हे अनेकांना आश्चर्याचे वाटेल. ब्रिटनमधल्या टेसॉलच्या एम.ए.साठी परदेशी विद्यार्थ्याची फी भारतीय रुपयांत दोन आकडी लाखांत जाते. तरी अनेक विद्यापीठांच्या अभ्यासक्रमात परीक्षकासमोर प्रत्यक्ष शिकवण्याचा सराव नसतो. सिद्धांत, संशोधनपद्धती आणि प्रबंध असतो. भाषाशाळेत नोकरीसाठी गेल्यावर तिथला शैक्षणिक व्यवस्थापक विचारतो तो सरावाच्या तासांविषयी. त्यामुळे एम.ए. झालेले विद्यार्थी पुन्हा दीड-दोन हजार पौंड भरून सेल्टा करताना दिसतात. प्रवेश घेतानाच ‘देखरेखीखालील सराव किती तासांचा, आणि समोर खरे विद्यार्थी असतात की वर्गमित्रच विद्यार्थ्यांचे सोंग घेतात’ हा प्रश्न विद्यापीठाला ई-मेलवर विचारून लेखी उत्तर मागावे. उत्तर गुळमुळीत आले, तर त्याचा अर्थ उघड आहे.

भारतात परतल्यावर या प्रमाणपत्राची किंमत काय?

सरकारी किंवा अनुदानित शाळेत काहीच नाही. तिथे डी.एल.एड. किंवा बी.एड. आणि शिक्षक पात्रता परीक्षाच लागते. महाविद्यालयात सेट-नेट किंवा पीएच.डी. सेल्टा या चौकटीत कुठेच बसत नाही. आयईएल्ट्सचे वर्ग, कंपन्यांतले संभाषण-प्रशिक्षण, आंतरराष्ट्रीय शाळा, परदेशी विद्यार्थ्यांना ऑनलाइन शिकवणाऱ्या संस्था इथे त्याला भाव मिळतो. ज्याला इंग्रजी अध्यापनाचा गंभीर अभ्यास करायचा आहे, त्याच्यासाठी हैदराबादचे इंग्रजी आणि परदेशी भाषा विद्यापीठ आहे. १९५८ मध्ये इंग्रजी शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठीच स्थापन झालेल्या संस्थेतून ते उभे राहिले आणि तिथल्या अध्यापन-पदविकांचा खर्च लंडनच्या महिनाभराच्या घरभाड्याच्या तुलनेतही फार नसतो.

आणि कोरियाचे ते बंद दार? त्याला एक फट आहे. भारत आणि दक्षिण कोरिया यांच्यातल्या सर्वंकष आर्थिक भागीदारी करारात (१ जानेवारी २०१० पासून लागू) तिथल्या शाळांमध्ये साहाय्यक इंग्रजी शिक्षक म्हणून भारतीयांना घेण्याची तरतूद आहे. त्यासाठी पदवीच्या जोडीला शिक्षकाची रीतसर पात्रता मागितली जाते, म्हणजे आपल्याकडचे बी.एड. लंडन किंवा डब्लिनमध्ये चार आठवड्यांत मिळवलेले प्रमाणपत्र तिची जागा घेऊ शकत नाही. कोल्हापूर किंवा नांदेडमधल्या अध्यापक महाविद्यालयाचे मात्र तिथे चालू शकते.